मेंदूतील संप्रेरक-पेशी आणि त्यांचे वार्धक्य

मज्जातंतूंनी संदेश वाहावेत आणि ग्रंथींनी रस स्रवावेत, अशी जी कामाची वाटणी शरीरशास्त्राने दीर्घकाळ कायम धरली होती, तिला १९२८ साली जर्मनीत मोठा धक्का बसला. कारण अर्न्स्ट शारर या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने एका लहान माशाच्या अधश्चेतकात, म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये, ग्रंथीप्रमाणे स्राव निर्माण करणाऱ्या चेतापेशी दाखवून दिल्या. विद्वानांच्या दरबारी हा दावा सहजासहजी मंजूर झाला नाही. नाझी अंमलाला विटून शारर दांपत्य १९३७ साली अमेरिकेस गेले, आणि तेथे पगारी पद नसतानाही बर्टा शारर यांनी झुरळांच्या मज्जासंस्थेत याच तत्त्वाचा शोध चिकाटीने चालू ठेवला. पुढे १९४९ साली वोल्फगांग बार्गमान यांनी विशिष्ट रंजकाच्या साहाय्याने अधश्चेतकातून पोष ग्रंथीच्या मागील भागापर्यंत जाणारी स्रावाची वाट उघड केली, तेव्हा विरोधाचा जोर ओसरला.

पेशी मान्य झाल्यावर त्यांच्या वार्धक्याचा प्रश्न ओघानेच आला, आणि वय वाढले की सर्वच पेशींचा ऱ्हास होत असणार, हे गृहीत जणू दप्तरी दाखलच होते. परंतु १९८५ साली ॲमस्टरडॅम येथे डिक स्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांच्या मेंदूंचे परीक्षण केले, तेव्हा दिवसरात्रीचे चक्र सांभाळणाऱ्या केंद्रातील व्हॅसोप्रेसिनयुक्त पेशी ऐंशी वर्षांनंतर घटलेल्या आढळल्या. उलट शरीरातील पाण्याचा बंदोबस्त राखण्यासाठी तेच संप्रेरक निर्माण करणाऱ्या शेजारच्या केंद्रांतील पेशींची संख्या मात्र टिकून होती.

याहूनही विलक्षण वृत्तांत ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या अधश्चेतकाचा आहे. त्यातील काही पेशी आकाराने वाढतात, हे शीहान व कोव्हाक्स यांनी १९६६ सालीच नोंदले होते; त्या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राहक तयार होतात, हे १९९० साली नेओमी रान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. बीजांडकोशाकडून येणारे इस्ट्रोजेन थांबताच या पेशींवरील नियंत्रण सुटते, त्या फुगतात व न्यूरोकिनिन-बी हे संदेशवाहक द्रव्य अधिक प्रमाणात निर्माण करतात, आणि शरीराचे तापमान राखणारी यंत्रणा विचलित होऊन अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते. याच ज्ञानाच्या आधारे तयार झालेल्या, न्यूरोकिनिनचा मार्ग रोखणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधास अमेरिकेत २०२३ साली परवानगी मिळाली. तेव्हा वार्धक्य म्हणजे मेंदूचा सरसकट क्षय, हे मत या इतिहासापुढे टिकत नाही. एकाच अधश्चेतकात काही पेशी घटतात, काही टिकतात आणि काही अंकुश सुटल्याने अधिकच राबू लागतात.