बडे आलेच नाहीत

"ॲव्हरेज किती देते?" गाडी घेताना आपला पहिला प्रश्न. ह्याच प्रश्नावर २०१० साली अमेरिकेत एक कोटी डॉलर्सची ऑटोमोटिव्ह एक्स प्राइझ झाली. अट होती गॅलनला १०० मैल, म्हणजे लिटरला साधारण ४२ किमी. पन्नास लाखांचं मुख्य बक्षीस एडिसन२ ह्या चिमुकल्या कंपनीने नेलं. जनरल मोटर्स, फोर्ड फिरकलेच नाहीत.

का? मला वाटतं, हरलो तर नाचक्की, जिंकलो तर गिऱ्हाईक विचारणार, "शोरूममध्ये कधी?" सरकारी योजनेत २००० पर्यंत त्यांनी ७० मैलांपुढचे नमुने बनवले होतेच. महाग म्हणून एकही विकायला आला नाही.

एडिसन२ची गाडीही बाजारात आली नाही. कारखाना हवा ना! तो होता बड्यांकडेच.