बगदाद कुणाला पायजे हुतं?

आभाळातून जात्याचे दगड पडले, असं आजी सांगायची. आम्ही पोरं हसलो की ती चिडायची. "हसताय काय? इमानातनं टाकलं. मामंजींनी सोता बघितल्यालं." तिचे मामंजी म्हणजे माझे पणजोबा. साताऱ्याकडच्या आमच्या गावात त्यांना 'बसरेवाले आबा' म्हणत. ओसरीवर म्हाताऱ्यांच्या घोळक्यात ते कधीमधी बोलत, आणि आजी दाराआड उभी राहून ऐकत असे. पहिल्या महायुद्धाचा आमच्या घरातला इतिहास तेवढाच, दाराआडून ऐकलेला.

पुढं पुस्तकं चाळली तेव्हा ते दगड तिथंही सापडले. डिसेंबर १९१५मध्ये तुर्की फौजेनं तैग्रिस नदीकाठच्या कूत गावाला वेढा घातला. आत धान्य होतं, पण दळायला पुरेशी जाती नव्हती. तेव्हा ब्रिटिश विमानांनी खरोखरच जात्याचे दगड खाली सोडले.

वेढ्यात अडकलेल्या फौजेचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची, महिना अकरा रुपयांवर भरती झालेली ही माणसं इराकात पोचली ती तेलापायी. इराणातल्या तेलाचा अबादानचा कारखाना सांभाळायचा होता. ज्या कंपनीचा तो, तिचे निम्म्याहून अधिक भाग ब्रिटिश सरकारनं १९१४मध्येच विकत घेतले होते. आरमार आता तेलावर चालणार होतं. नोव्हेंबर १९१४मध्ये बसरा हाती आलं आणि खरं तर काम तिथंच संपलं होतं.

पण बसऱ्याच्या रक्षणासाठी कुर्ना हवं, कुर्ना राखायला अमारा हवं, अमारासाठी नासिरिया, नासिरियासाठी कूत, असं करत फौज नदीनं वर वर सरकत राहिली. ही मोहीम तेव्हा सिमल्यातलं हिंदुस्थान सरकार चालवत होतं. कूत हाती आल्यावर बगदादची स्वप्नं पडू लागली. गॅलिपोलीत मार खाल्लेल्या लंडनला कुठंतरी विजय दाखवायचाच होता. डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याला इतक्या थोड्या फौजेनिशी पुढं जाणं पटत नव्हतं, तरी ऑक्टोबर १९१५मध्ये परवानगी आलीच. एवढ्या मजकुरासाठी मला दोन जाड ग्रंथ लागले. आजी एका वाक्यात विचारायची, "पण बगदाद कुणाला पायजे हुतं?"

नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे, सलमान पाकजवळ लढाई झाली. लढणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून नदीपर्यंत आणलं आणि बोटींवर लादून बसऱ्याला पाठवलं. बोटी आधीच कमी, त्यांत इस्पितळाच्या नावानं शून्य. वरिष्ठांना मात्र जखमींची सोय समाधानकारक असल्याचं कळवण्यात आलं. मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरनं बसऱ्याच्या धक्क्यावर त्या बोटींची अवस्था पाहिली आणि वर तक्रार केली, तेव्हा चौकशीऐवजी त्यालाच कारवाईचा दम भरला गेला. आबांच्या गोष्टीत डॉक्टर नव्हताच. "मलमपट्टी न्हाई, पाणी न्हाई, मानसावर मानूस टाकल्यालं" एवढंच.

उरलेली फौज मागं हटत कूतला आली आणि तिथंच अडकली. वेढा १४७ दिवस चालला. शिधा घटत गेला, हिरड्या सुजून दात हलू लागले. घोडे मारून खायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांनी नकार दिला. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवण्यात आली. तरीही बरेच जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत अडून राहिले. आमच्या घरात ती तार काशीच्या शास्त्र्यांकडून आली असं सांगतात. आबांनी घोडा खाल्ला की नाही, हे मात्र त्यांना उभ्या हयातीत कोणी विचारलं नाही. वेढा फोडायला निघालेल्या फौजेत सुमारे तेवीस हजार माणसं मेली-जखमी झाली, म्हणजे आत अडकलेल्यांहून कितीतरी जास्त. तुर्कांना पैसे देऊन सुटका मिळवायचाही प्रयत्न झाला. २९ एप्रिल १९१६ला कूत शरण गेलं.

सेनापतीला इस्तंबूलजवळच्या बेटावर मानानं ठेवलं, आणि त्याचा लाडका कुत्रा तुर्कांनी सुखरूप बसऱ्याला परत धाडला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं. आबा रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावरून १९१९मध्ये घरी आले. त्यांचा धाकटा भाऊ वाटेतच पडला होता. तो पडल्याचं आबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी सरकारी कागद येईपर्यंत त्याच्या बायकोनं कुंकू पुसलं नाही. आजी सांगायची, "कागुद काय लौकर आला न्हाई."

सरकारच्या चुकीची चौकशी झाली, हे खरं. १९१७मध्ये मेसोपोटेमिया कमिशननं अपुऱ्या बोटी, अपुरे डॉक्टर आणि सिमल्याचा कंजूषपणा यांवर बोट ठेवलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पण आमच्या ओसरीवर त्याआधी कोणी काही विचारायला आलं नव्हतं, नंतरही नाही. पुढच्याच वर्षी मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक माणसं द्यायच्या मोबदल्यात हक्कांचं बोलू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना मध्येच थांबवलं. शिपाई हवे होते, त्यांच्या वतीनं प्रश्न विचारणारा नको होता.

बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश मृतांची नावं आहेत. हिंदी अंमलदारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा कोरला. धाकट्या पणजोबांचं नाव आमच्या घराबाहेर कुठंच नाही. १९९७मध्ये सद्दाम हुसेननं ते स्मारक उचलून शहराबाहेर हलवलं, तेव्हा तो आकडाही हलला.

ब्रिटिशांनी मार्च १९१७मध्ये बगदाद घेतलंच. आम्ही जिंकायला नव्हे, मुक्त करायला आलो आहोत, असं जनरल मॉडच्या जाहीरनाम्यानं तिथल्या लोकांना सांगितलं. तीन वर्षांत तेच लोक उठले, आणि तो उठाव मोडायला पुन्हा हिंदी पलटणी नेल्या. २००३मध्ये अमेरिका मुक्ततेचीच भाषा बोलत इराकात शिरली आणि भारताकडे सुमारे सतरा हजार सैनिक मागितले. मोठ्या सत्तेशी मैत्री, पुनर्बांधणीची कंत्राटं, जगात वजन, असे हिशेब आपल्याकडेही मांडले गेले. वाजपेयी सरकारनं १४ जुलैला, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशावाचून सैन्य जाणार नाही, असं कळवलं. तो निर्णय मी त्या सरकारच्या शहाणपणात धरतो.

पण ते शहाणपण मंत्रिमंडळाच्या मर्जीवर टिकलं होतं. १९८७च्या जुलैत श्रीलंकेशी करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी आपलं सैन्य तिथं उतरू लागलं. संसदेला आधी विचारलं नव्हतं, आणि घटनेप्रमाणे विचारावंही लागत नव्हतं. शांतता राखायला गेलेली फौज काही आठवड्यांत लढू लागली. मुंबईत जन्मलेले, आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच नोव्हेंबरात पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. परमवीरचक्रापुढं मान झुकतेच, पण शौर्य त्यांचं होतं आणि धोरण दिल्लीचं. एकाच्या तेजात दुसऱ्याची चूक झाकायची सवय आपल्याला सिमल्याच्या काळापासून आहे.

परदेशात सैन्य पाठवायचं तर आधी संसदेत मतदान व्हावं, असा कायदा हवा. तसा कायदा असला म्हणून चुका टळतीलच असं नाही. ब्रिटनच्या संसदेनं २००३मध्ये इराकसाठी हो म्हटलंच होतं. पण निदान कोणी हात वर केला, हे कागदावर राहतं. काय मिळवायचं आहे, जखमींना कोण आणि कशातून आणणार, परत कधी यायचं, याची उत्तरं माणसं जहाजावर चढण्याआधी द्यावी लागतात. आजीच्या प्रश्नाला सरकारात कोणीतरी आपलं नाव लावून उत्तर दिलं पाहिजे.