हरिश्चंद्रगड एका दिवसात: वाट कोणती धरायची, काय पाहायचं आणि परत कधी फिरायचं

अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पण सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्यांपैकी बरेच जण वाट न विचारता, पाणी न घेता आणि उन्हं उतरायच्या वेळेचा हिशोब न करता निघतात. एका दिवसात जाऊन सुखरूप परत यायचं असेल तर एवढी माहिती जवळ ठेवा.

गड कुठे आहे?

अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर हा गड उभा आहे. उंची सुमारे १,४२० मीटर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तो येतो, त्यामुळे इथे वनविभागाचे नियम लागू आहेत. प्रवेश आणि मुक्कामाबाबत सध्या काय नियम आहे ते पायथ्याच्या गावातच विचारून घ्या.

तीन वाटा

पाचनईची वाट: एका दिवसासाठी हीच सगळ्यात सोयीची. अकोले-राजूरकडून पाचनईला रस्ता आहे. गावातून मंदिरापर्यंत रमतगमत अडीच-तीन तास लागतात. मध्ये एका मोठ्या कपारीखालून वाट जाते आणि पुढे ओढा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात ओढ्याला जोर असेल तर पाणी ओसरेपर्यंत थांबा. घाई करून उतरू नका.

खिरेश्वरची वाट: कल्याण-नगर रस्त्यावर माळशेज घाट चढून आलं की खुबी फाटा लागतो. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर. पुढे टोलार खिंडीतून चढ. खिंडीच्या वर कातळाचा टप्पा आहे, तिथे आधाराला रेलिंग आहे. गडावर पोचायला चार-पाच तास धरा. एका दिवसात जाऊन-येऊन ही वाट दमवते. जमेल त्याने गावातच नागेश्वराचं जुनं मंदिर पाहून घ्यावं.

नळीची वाट: मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याकडून वर येणारी. मोठमोठे धोंडे आणि कातळचढाई आहे. दोर आणि अनुभवी माणूस सोबत नसेल तर इकडे फिरकू नका.

वर काय पाहायचं?

हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर: सुमारे १६ मीटर उंचीचं, बारीक कोरीव कामाचं. शेजारी पुष्करणी, आजूबाजूला लेणी आणि पाण्याची टाकी. संत चांगदेवांनी या डोंगरावर तप केलं आणि शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ च्या सुमारास, 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला. मंदिर परिसरात जुने शिलालेख आहेत. त्यावर हात घासू नका, खडूने अक्षरं भरू नका.

केदारेश्वराची गुहा: मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं गारेगार पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. हे चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा पडला की जगबुडी, असं जुनी माणसं सांगतात. पावसाळ्यात पाणी वाढतं, तेव्हा आत उतरू नका.

तारामती: गडाचं सर्वोच्च शिखर. मंदिरापासून पाऊण तासाचा चढ.

कोकणकडा: मंदिरापासून साधारण अर्ध्या तासावर. वाटीसारखा आत वळलेला, हजार फुटांहून जास्त सरळ तुटलेला कडा. याचं तोंड पश्चिमेला कोकणाकडे आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो. तेव्हा समोर दरीत धुकं भरलेलं असेल तर धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि मधोमध आपलीच सावली. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते दिसल्याची नोंद आहे. रोज दिसत नाही. त्याच्या नादात कुणी काठावर जाऊ नये.

पडका का दिसतो?

१७४७ मध्ये मराठ्यांनी हा गड मोगलांकडून घेतला. पुढे १८१८ मध्ये मराठी राज्य गेलं आणि इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक गडांप्रमाणे इथल्याही वाटा आणि तटबंदीची मोडतोड केली. म्हणून बालेकिल्ल्याच्या बाजूला आज पडके अवशेषच दिसतात. उरलेले दगड उचलून चूल मांडली, तर तेही राहणार नाहीत.

वेळेचा हिशोब (पाचनईमार्गे)

- सकाळी ६.३०: गावातून चढायला सुरुवात
- ९.३०: मंदिर आणि केदारेश्वर
- ११.००: कोकणकडा
- १.००: मंदिराजवळ जेवण
- ३.००: काहीही झालं तरी उतरायला सुरुवात

हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. तारामतीला जायचं असेल तर कोकणकड्यावरचा वेळ कमी करा. दोन्ही जमवायच्या नादात अंधार होतो आणि चुकामूक तिथेच होते.

सोबत काय घ्यावं?

माणशी तीन लिटर पाणी, विजेरी, पकड घेणारे बूट, पावसाळ्यात कपड्यांचा एक कोरडा जोड. गडावर मोबाईलला रेंज धड मिळत नाही. म्हणून कोणत्या वाटेने चाललो आणि कधी परत येणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून निघा. धुक्यात वाट दिसेनाशी झाली तर आहे तिथेच थांबा, कड्याच्या बाजूला चाचपडत जाऊ नका. रेंज मिळताच ११२ वर फोन लावा.

पाचनईतून वाटाड्या घ्या, जेवण गावातच सांगा. पिठलं-भाकरी आणि लिंबू सरबतावर इथल्या घरांचे चार पैसे सुटतात, आणि अडचणीत पहिला धावून येणाराही हाच गावकरी असतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मंगळगंगा याच गडावर उगम पावते आणि तिचं पाणी खाली मुळा खोऱ्यात जातं. वर टाकलेली बाटली पावसाबरोबर आपल्याच ओढ्यात येते. नेलेला कचरा पिशवीत घालून परत आणा.