परदेशी पदवी आणि स्वदेशी जमाखर्च

व्यापार ही विद्यापीठात शिकविण्याजोगी विद्या आहे आणि तिची पदवी घेता येते, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे रूढ नव्हती. पेढीवर बसणारा मुलगा रोजमेळ, खतावणी आणि हुंडी यांचे ज्ञान मुरलेल्या मुनिमाच्या हाताखाली मिळवीत असे. दरबारचा जमाखर्च फडणिशी दप्तरात मोडी लिपीत लिहिला जाई, आणि ती विद्या घराण्याबरोबर पुढे चाले. राज्याचा पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि रयत दरिद्री का राहते, हे प्रश्न विचारण्याची रीत मात्र ना पेढीवर शिकविली जात होती, ना दप्तरात. ते काम दादाभाई नवरोजी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी आपल्या स्वतंत्र अभ्यासाच्या बळावर सुरू केले.

पाश्चात्त्य देशांतही या विषयांची पदवी फार जुनी नव्हे. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीच्या एक लाख डॉलरच्या देणगीतून १८८१ मध्ये व्यापारशिक्षणाचे महाविद्यालय निघाले; अमेरिकेतील अशा विद्यापीठीय शिक्षणाचा तो आरंभ मानला जातो. इंग्लंडात १८९५ मध्ये सिडनी व बिॲट्रिस वेब यांच्या पुढाकाराने ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्मिंगहॅम विद्यापीठात विल्यम ॲशली यांनी वाणिज्याची विद्याशाखा उभी केली, आणि १९०३ मध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्या प्रयत्नांनी केंब्रिजला अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. तोपर्यंत तेथेही हा विषय तत्त्वज्ञानाच्या नाही तर इतिहासाच्या आश्रयाला राहत असे. तात्पर्य, भारतीय विद्यार्थी या शिक्षणासाठी बोटीत बसू लागले तेव्हा ती विद्या तिच्या माहेरीही नवीच होती.

मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि वाणिज्याच्या पदवीची सोय या देशात झाली. त्याचे प्राचार्य पर्सी ॲन्स्टी यांचे १९२० मध्ये निधन झाले. त्यांच्या पत्नी व्हेरा ॲन्स्टी पुढे लंडनला परतल्या, तेथील स्कूलमध्ये अध्यापन करू लागल्या आणि १९२९ मध्ये त्यांनी भारताच्या आर्थिक विकासावर ग्रंथ लिहिला. मुंबईचा पैसाही तिकडे पोहोचला होता. सर रतन टाटा यांच्या देणगीतून दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी लंडनच्या त्या संस्थेत १९१२ मध्ये एक प्रतिष्ठान सुरू झाले आणि आर. एच. टॉनी हे त्याचे पहिले संचालक झाले. म्हणजे विद्येची ये-जा दोन्ही दिशांनी चालू होती. परंतु तेथे जाऊन शिकायचे तर भाडे, शुल्क आणि राहण्याचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न उरतच असे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. इतरांना संस्थानिकांचा आधार शोधावा लागे.

संस्थानिकांत या बाबतीत श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे नाव अग्रभागी येते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, कलाभवन, १९०८ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा आणि अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डेन यांच्या देखरेखीखाली १९१० पासून उभी राहिलेली ग्रंथालयांची योजना, या सर्वांमागे एकच दृष्टी होती. जगात जे उपयुक्त ज्ञान असेल ते आणावे आणि प्रजेच्या दारी पोहोचवावे, ही ती दृष्टी. विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणे हाही त्याच धोरणाचा भाग होय.

त्या धोरणातून ४ जून १९१३ रोजी एका तरुण पदवीधराने बडोदे सरकारशी करारपत्रावर सही केली. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याची अट. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी निवडलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. त्यांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम होते. शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनही. एका पदवीला लागते त्याच्या कितीतरी पट हा व्याप होता. पुन्हा संधी मिळेल याची शाश्वती नसलेला विद्यार्थीच अशी घाई करतो.

सार्वजनिक अर्थकारणाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे तेथे त्यांचे गुरू. कर कोणावर बसतो आणि खर्चाचा लाभ कोणाला होतो, हे आकड्यांतून शोधण्याची शिस्त सेलिग्मन यांच्या विषयातच होती. आंबेडकरांनी १९१५ मध्ये एम. ए. साठी सादर केलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर होता. पुढचा मोठा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा. मध्यवर्ती सरकार प्रांतांना आधी नेमणुकीची रक्कम देई, मग काही उत्पन्ने तोडून देऊ लागले आणि १८८२ नंतर उत्पन्नाची वाटणी करू लागले. हा सारा क्रम त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांतून लावून दाखविला. न्यूयॉर्कच्या वर्गात बसून हिंदी सरकारची चोपडी तपासली जात होती.

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनच्या स्कूलमध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती पाणतीराने बुडाली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने सुखरूप आले.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. महाराजांचा मानस त्यांना पुढे अर्थखात्यात मोठी जबाबदारी देण्याचा होता. पण कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत, आणि गावात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात ते काही दिवस राहिले. जात कळताच तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. त्या दिवशी सार्वजनिक बागेतील झाडाखाली बसून काढलेले तास त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहेत. संस्थानच्या तिजोरीने ज्याच्या शिक्षणावर खर्च केला, त्याला त्याच नगरीने एक खोली दिली नाही. सयाजीरावांच्या दूरदृष्टीचा अभिमान बाळगणाऱ्या बडोदेकरांनी हे पानही उघडे ठेवले पाहिजे. कारण शिष्यवृत्ती राजा देऊ शकतो, शेजार समाजालाच द्यावा लागतो.

आंबेडकरांनी पुढे १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. पगारातून पैसे साठवून, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. ह्या पदव्या त्यांनी मिळविल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाला प्रस्तावना लिहिणारे एडविन कॅनन हे त्यांचे गुरूच होते. शिष्याची काही मते आपल्याला मान्य नाहीत हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच सांगितले, आणि त्याच्या स्वतंत्र विचाराची दादही दिली. कोलंबियाची डॉक्टरेट मात्र १९२७ पर्यंत लांबली. तेथील नियमाप्रमाणे प्रबंधाच्या छापील प्रती दाखल कराव्या लागत, आणि छपाईला पैसा लागे. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. बडोद्यातील अनुभवानंतर आठ वर्षांनी लिहिलेली ती अर्पणपत्रिका आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

आंबेडकर परदेशी गेले ते मुंबईची पदवी हाती घेऊन. याच सेलिग्मन यांचा दुसरा भारतीय शिष्य मात्र पहिली पदवीच अमेरिकेत घेणारा निघाला, आणि तीही वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म १८९२ मध्ये तंजावरचा. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला होता. चांगला चाललेला तो व्यवसाय सोडून १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात आपल्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान मुलांबरोबर वर्गात बसले. १९२८ मध्ये त्यांना व्यवसायप्रशासनाची बी. एस्सी. पदवी मिळाली. व्यापारी संस्थांचे हिशेब त्यांना आधीच येत होते. पदवीमुळे उघडले ते पुढचे दार, म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे एम. ए.

तेथे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. भारत दरिद्री का, या विषयावर त्यांनी एका चर्चमध्ये भाषण केले आणि त्याचा वृत्तांत वृत्तपत्रात आला. तो वाचून सेलिग्मन यांनी हाच विषय प्रबंधासाठी घेण्याचे त्यांना सुचविले. कुमारप्पांनी तोवर साहेबी थाटात आयुष्य काढले होते, ब्रिटिश राज्याविषयी त्यांच्या मनात विशेष किल्मिष नव्हते. परंतु हिशेबतपासनिसाच्या नजरेने सरकारचा जमाखर्च वाचू लागताच त्यांना दिसले की, लष्कर, कर्जावरील व्याज आणि कारभाराचा डोलारा यांतच महसुलाचा मोठा भाग खर्ची पडतो आणि लोकहितासाठी फार थोडे उरते. दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त असलेल्या मुनिमाने असा जमाखर्च लिहिला असता तर त्याला पेढीवरून काढून टाकले असते.

१९२९ मध्ये ते परतले आणि साबरमतीला गांधीजींना भेटले. त्यांचा प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः प्रसिद्ध झाला. गांधीजींनी त्यांना बडोद्यापासून फार दूर नसलेल्या खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करण्यास धाडले, आणि अमेरिकेची पदवी घेतलेला हा गृहस्थ गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर गावोगाव शेतकऱ्यांचे उत्पन्न व देणे टिपत हिंडला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब सांभाळताना गांधीजींबरोबर आलेल्या मंडळींचा खर्च निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याचे मगनवाडी हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या या धंद्यांचा हिशेब त्यांनी तेथे व्यापारशास्त्राच्या काटेकोरपणाने मांडला, आणि १९४५ मध्ये चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

तिसरे उदाहरण धनंजयराव गाडगीळ यांचे. नाशिकला जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या गाडगीळांनी तेथे एम. लिट. साठी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. पुढे अनेक पिढ्यांनी तो पाठ्यग्रंथ म्हणून वाचला. १९३० मध्ये रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९५० च्या सुमारास तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभारला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ आणि फारसे औपचारिक शिक्षण न लाभलेला शेतकरी एका बैठकीत बसून उसाच्या दराचा विचार करू लागले. आंबेडकर व कुमारप्पा यांनी सरकारचा जमाखर्च तपासला. गाडगीळांनी शेतकऱ्याला स्वतःचा जमाखर्च राखण्यास साह्य केले.

या तिघांची मते एक नव्हती. उद्योगीकरणाच्या प्रश्नावर आंबेडकर आणि कुमारप्पा यांची तोंडे दोन दिशांना होती. खेड्याकडे तर एकाने अन्यायाचे आगर म्हणून पाहिले, दुसऱ्याने नव्या अर्थरचनेचा पाया म्हणून. एकाच गुरूच्या विषयात शिकून दोघे इतके वेगळे निष्कर्ष काढू शकले, यात त्या शिक्षणाचा कस दिसतो. त्या विद्यापीठांनी त्यांना तयार उत्तरे दिली नाहीत. आकडा कोठे शोधावा, तो कसा पडताळावा आणि राज्यकर्त्याला न भिता कसा मांडावा, एवढे दिले. प्रश्न त्यांनी स्वतःबरोबर नेले होते.

आज परदेशी पदवीची वाट तेव्हापेक्षा पुष्कळ रुंद झाली आहे. वाणिज्य आणि व्यवसायप्रशासन यांसाठी मध्यमवर्गीय घरांतील मुले बारावीनंतरच बाहेर पडतात. बँकेचे कर्ज संस्थानी शिष्यवृत्तीच्या जागी आले आहे. लंडनमध्ये आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने घेतले आणि २०१५ मध्ये त्याचे स्मारक झाले. बडोद्यातील त्या बागेची जागाही आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. स्मारके उभी राहिली हे उचितच झाले. परंतु कर्ज काढून पदवी आणणाऱ्या तरुणाला परतफेडीचा हप्ता जसा बँकेत भरावा लागतो, तसा दुसराही एक हप्ता असतो, आणि त्याची पावती कोठेही मिळत नाही. मातर तालुक्यातील शेतकऱ्याच्या ओसरीवर, प्रवरेकाठच्या उसाच्या फडात आणि चवदार तळ्याच्या काठी तो ज्यांनी भरला, त्यांचे ग्रंथ वाचनालयाच्या कपाटात आहेत. ते वाचकांच्या हाती जात राहिले, तर सयाजीरावांनी परदेशी शिक्षणावर आणि ग्रंथालयांवर एकाच वेळी केलेला खर्च एकाच खाती का मांडावा लागतो, हे नव्या पिढीला निराळे सांगावे लागणार नाही.