खानापूर मतदारसंघ आणि त्याचे प्रतिनिधी

खानापूर तालुक्याचे दोन भाग सहज ध्यानात येतात. पश्चिमेस कणकुंबी, जांबोटी, लोंढा हा मलप्रभेच्या उगमाकडील जंगलपट्टा; तो मराठी. पूर्वेस इटगी, पारिश्वाडकडे कन्नडचे प्राबल्य. मुंबई राज्यातील हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला.

पुढच्याच वर्षी खानापूरकरांनी लक्ष्मण बाळाजी बिर्जे यांना म्हैसूर विधानसभेत धाडले. ज्या राज्यात राहावयाचे नाही, त्याच राज्याच्या सभागृहात जाऊन ते सांगावयाचे, असा हा विलक्षण जनादेश होता. नंतरचे जवळजवळ अर्धशतक हा मतदारसंघ महाराष्ट्र एकीकरण समितीचा बालेकिल्ला म्हणूनच ओळखला गेला. १९९४ व १९९९ मध्ये अशोक पाटील निवडून आले.

महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आम्हांस मान्य नाही. त्याने बेळगाव शहर नाकारले. मात्र जी २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत असे त्या आयोगाने सुचविले, त्यांत खानापूर व नंदगड आहेत. प्रतिकूल अहवालातही जे मान्य झाले, ते मोलाचे, असे आम्ही वकिलीच्या सवयीने म्हणतो.

२००८ च्या पुनर्रचनेत समितीचे उचगाव व बागेवाडी हे मतदारसंघ नकाशावरून गेले. खानापूर राहिले, परंतु त्याच निवडणुकीत ते भाजपच्या प्रल्हाद रेमाणी यांच्याकडे गेले. २०१३ मध्ये अरविंद पाटील यांनी ते परत मिळविले.

२०१८ चा निकाल मात्र आम्ही पुनःपुन्हा वाचतो. समितीच्या दोन गटांनी दोन उमेदवार उभे केले आणि काँग्रेसच्या अंजली निंबाळकर विजयी झाल्या. समितीच्या त्या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक होती. तेव्हा मराठी मतदार सीमाप्रश्न विसरला, हा निष्कर्ष त्या निकालातून निघत नाही. २०२३ विषयी असे म्हणता येत नाही. भाजपचे विठ्ठल हलगेकर ५०,००० हून अधिक मताधिक्याने निवडून आले. राष्ट्रीय पक्षांनी मराठी भाषिक उमेदवार देण्याची युक्ती साधली, हे खरेच. पण भांडणाऱ्या घराकडे मतदार किती काळ पाहत राहील?

महाराष्ट्राने २००४ मध्ये राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा या निकालांमुळे दुबळा होत नाही. तो राज्याचा दावा आहे. कोणी आमदार त्यात वादी नाही. नुकसान दुसरीकडे आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे मान्य झालेले संरक्षण आहे. ते मागणारा समितीचा एकही आमदार २०१८ पासून विधानसभेत नाही. आणि त्या विधानसभेचे अधिवेशन आता बेळगावातच भरते.