कूटगीतांचा उलगडा

नाहूरच्या फलाटावर एखाद्या रॉक गीताच्या गूढ ओळींवरून हुज्जत घालणारे तरुण दिसले, की मला भारुडाचा अर्थ फोडून सांगण्याची आपली जुनी परंपरा आठवते. एकनाथांची (१५३३–१५९९) ‘अर्जदस्त’ घ्या. देवगिरीवर अधिकारपदी असलेल्या जनार्दनस्वामींच्या सेवेत ज्यांनी दप्तराचा कारभार जवळून पाहिला, त्या नाथांनी देहालाच परगणा कल्पून, त्यात कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी असे मुजोर वतनदार बसविले आणि त्यांची फिर्याद परमेश्वराच्या हुजुरात रुजू केली. परगण्याचा जाच रोज सोसणाऱ्या रयतेला हे रूपक सांगावे लागत नसे. पुढे वतने गेली, शब्द परके झाले आणि अर्थ उलगडण्याचा भार कीर्तनकारावर आला. विंचवाचे भारूड मात्र आजही आपोआप पोचते: गाणारा पाय आखडून कळवळतो, श्रोते हसतात आणि हा दंश कामक्रोधाचा आहे हे उमगताच मंडप स्तब्ध होतो. उलगड्याचे खरे सामर्थ्य मला त्या स्तब्धतेत वाटते. असे अर्थ ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या मुखातून ऐकले असतील, त्यांनी ते आजच वहीत उतरवून ठेवावेत.