पांढरीतला कोळसा

दगडी देवळाचं वय कार्बन-14 ने काढता येत नाही, हे मला वर्गात दरवर्षी सांगावं लागतं. अमडापूरची मुलं टेकडीवरच्या बल्लाळदेवीच्या देवळाखाली वाढलेली. जुनं म्हटलं की त्यांना भिंतीच आठवतात. ही पद्धत मात्र कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूचंच वय सांगते: लाकूड, कोळसा, जळका दाणा, हाड. झाड हवेतून कार्बन घेतं आणि त्यासोबत किरणोत्सारी कार्बन-14 चा अगदी सूक्ष्म अंशही घेतं. झाड मेलं की भर थांबते, आणि आतला अंश दर 5730 वर्षांनी निम्मा होत जातो. शिकागोच्या विलार्ड लिबींनी 1949 मध्ये इजिप्तच्या राजांच्या थडग्यांतलं लाकूड मोजून हे पटवून दिलं. 1960 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात या पद्धतीची ताकद आणि मर्यादा एकाच जागी दिसतात, ती जागा म्हणजे लोणार. उल्कापातानं तयार झालेल्या तिथल्या विवराचं वय 1997 मध्ये काचेसारख्या वितळलेल्या खडकावरून सुमारे 52 हजार वर्षं काढलं गेलं. पुढे 2011 मध्ये त्याच प्रकारच्या खडकातल्या आरगॉन वायूवरून आलेला आकडा होता सुमारे 5 लाख 70 हजार. एवढ्या काळात कार्बन-14 जवळजवळ शंभर वेळा निम्मा होतो, म्हणजे उरतच नाही. त्याची पोच पन्नासेक हजार वर्षांपर्यंतच. तेव्हा उल्का कधी आदळली, हे त्याला विचारूच नये.

पण विवरातल्या तळ्याच्या तळाशी बसलेल्या गाळाला विचारलं तर तो भरभरून बोलतो. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून अभ्यासला. 2014 मध्ये त्यांचा निबंध आला. त्या दहा मीटरांत सुमारे 11 हजार वर्षांचा पावसाळा साठलेला आहे. काही थरांत गेलुसाइट नावाचे स्फटिक सापडले. तळं आटून पाणी अतिशय खारट झाल्याशिवाय ते तयार होत नाहीत. मग त्या थरांचं वय काढायचं. इथे एक मेख असते. तळ्याच्या पाण्यातला कार्बन जुना असू शकतो. त्यावर पोसलेलं शेवाळ मोजलं तर वय फसवं येतं. म्हणून काठावरून वाहून आलेली पानं आणि काटक्या शोधाव्या लागतात, कारण त्यांनी कार्बन हवेतून घेतलेला असतो.

निष्कर्ष मला अजून हलवून सोडतो: दोन प्रदीर्घ अवर्षणकाळ. पहिला सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या काळात सातवाहन, वाकाटक, चालुक्य, यादव सगळे येऊन गेले. लोणारची दैत्यसूदनासारखी देवळं त्याच काळातली. काठावरची काही देवळं पाण्याच्या इतकी जवळ का, याचं उत्तरही यात असावं असं मला वाटतं: बांधणाऱ्यांनी तळं खाली गेलेलं पाहिलं होतं. आमच्याकडे एक पावसाळा हुकला तर सोयाबीन हातचं जातं. हे लोक पिढ्यान्पिढ्या कोरड्या आभाळाखाली जगले आणि तरी देवळं उभी करत राहिले.

माणसांच्या वस्तीकडे वळलं की आकडे आणखी जपून हाताळावे लागतात. नागपूरजवळच्या टाकळघाट-खापा इथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी 1968-69 मध्ये लोहयुगातली शिळावर्तुळं आणि शेजारची वस्ती खोदली. तिथला कोळसा मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये मोजला गेला. देवेंद्र लाल यांच्या पुढाकारानं तिथे हे काम उभं राहिलं होतं. शीला कुसुमगर आणि डी. पी. अग्रवाल यांनी ते वर्षानुवर्षं केलं. वय आलं इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपास. मात्र हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण सर्वकाळ सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या वर्षवलयांशी ताडून आकडा दुरुस्त करावा लागतो. दुर्दैव असं, की इसवी सनपूर्व 800 ते 400 या काळात ताडण्याचा आलेख जवळजवळ सपाट आहे. चारशे वर्षांतली कुठलीही तारीख तिथे एकसारखीच दिसते. विदर्भातला लोहयुगाचा ऐन काळ नेमका तोच.

अशा वेळी तारीख सावरते ती थरांच्या क्रमामुळे. कोळसा कुठल्या चुलीतला, वर कुठलं खापर, खाली कुठलं, हे ठाऊक असेल तर सपाट आलेखातूनही वाट निघते. म्हणूनच गावोगावच्या पांढरीवर खोरं चालताना पाहिलं की मला राहवत नाही. जुन्या वस्तीची ही राखाडी माती शेतात टाकायला, भिंती लिंपायला गाड्या भरून नेली जाते. ती नेताना थर एकमेकांत मिसळतात, आणि मिसळलेला कोळसा जगातल्या उत्तमोत्तम यंत्रात घातला तरी तो त्या जागेबद्दल काही सांगत नाही. मुलांना मी सांगतो: कोळसा दिसला तर उकरू नका, फोटो काढा, किती खोल आहे ते मोजा, आणि पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन इथे डेक्कन कॉलेजनं या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं. विटांचा स्तूप मिळाला, प्राचीन वस्ती मिळाली. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. स्तूपाच्या विटा उचलून दुसरीकडे मांडता येतील. पण थर उचलून नेता येत नाहीत. पाणी चढण्याआधी तिथली प्रत्येक चूल, प्रत्येक राखेचा खड्डा जागच्या जागी नोंदवून त्यातले नमुने घेऊन ठेवलेच पाहिजेत, मग ते मोजायला आणखी वीस वर्षं लागली तरी चालतील.